कोश, संगणक आणि मी

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या कोपऱ्यात एक काचेचे कपाट आहे. वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाचे तीन जाडजूड खंड त्यात उभे आहेत. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात असते. कोश घरी न्यावयाचा नाही, तेथेच बसून पाहावयाचा, असा नियम आहे. आणि तो योग्यही आहे, कारण हरवला तर दुसरा आणावयाचा कोठून? परंतु प्रथम वर्षाला असताना माझा शेवटचा तास चार वाजता संपे आणि गावाकडची एस. टी. पाचला सुटे. स्टँडवर चालत जाण्याची वीस मिनिटे वजा केली, किल्ली मागणे, नोंदवहीत सही करणे, खंड काढणे यांत दहा मिनिटे गेली, की हाती उरत अर्धा तास. त्या अर्ध्या तासात माझे चार शब्द होत. फार झाले तर पाच.

याचे कारण माझा मंदपणा एवढेच नव्हते. संस्कृतचा कोश अज्ञानी माणसाला दारातूनच परत पाठवतो, हे ज्यांनी तो उघडला आहे त्यांना माहीत असेल. पाठात 'जगाम' असा शब्द आला. तो कोशात 'ज' मध्ये शोधावा तर सापडत नाही. तो 'गम्' या धातूचे रूप आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे. 'अकरोत्' हे 'अ' मध्ये नाही, 'कृ' मध्ये आहे. 'उपाविशत्' शोधावयाचे तर त्यातला मधला अकार भूतकाळाचा आहे हे ओळखून तो काढून टाकावा लागतो आणि मग 'उपविश्' पाहावे लागते. म्हणजे ज्याला येते त्यालाच कोश सांगणार! ज्यांच्या घरी आजोबा किंवा काका संस्कृत जाणणारे आहेत ते विचारून घेतात. माझे अण्णा बाजार समितीत हमाली करतात, आई शिवणकाम करते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मी बी. ए. ला संस्कृत घेतले तेव्हा आमच्या गल्लीतील एक गृहस्थ अण्णांना म्हणाले होते, "पोरीला काहीतरी उपयोगाचं घेऊ द्यायचं. हे आपलं काम नव्हे." अण्णा काही बोलले नाहीत. पण ते वाक्य माझ्या मनात राहिले आणि दर संध्याकाळी चार शब्दांवर उठताना ते मला आठवे.

पहिल्या सत्राच्या अखेरीस आमच्या बाईंनी फळ्यावर दोन संकेतस्थळांची नावे लिहून दिली आणि म्हणाल्या, "कोश तुमच्या मोबाइलमध्येही आहे. रोज पाहत जा." भावाचा जुना, काच तडकलेला मोबाइल त्या वेळी माझ्याकडे होता. त्या रात्री मी सतरा शब्द पाहिले. वहीत मोजून ठेवले आहेत.

तेव्हापासून दीड वर्ष मी ही साधने वापरत आहे. त्यांनी मला काय दिले आणि कोठे तोंडघशी पाडले, ते माझ्यासारख्या इतर विद्यार्थी मित्रमैत्रिणींना सांगावे म्हणून हा लेख.

ही साधने आली कोठून, हे शोधू लागले तेव्हा मला वाटले होते की ही गेल्या दहा-पंधरा वर्षांतली गोष्ट असेल. परंतु ती निघाली पंचाहत्तर वर्षांहून जुनी, आणि तिचा आरंभ संस्कृतमध्ये नव्हे तर लॅटिनमध्ये झाला. इटलीत रोबेर्तो बुसा नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अॅक्वायनस याच्या ग्रंथांत 'सान्निध्य' ही कल्पना कशी येते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. सान्निध्याचा अर्थ शोधता शोधता त्यांच्या ध्यानात आले की खरी किल्ली त्या मोठ्या शब्दात नाही. ती 'इन' या चिमुकल्या लॅटिन अव्ययात आहे. आपण 'घरात', 'मनात' म्हणतो त्यातला जो 'त', तेच त्या अव्ययाचे काम. एवढ्याशा शब्दासाठी त्यांनी हाताने सुमारे दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या! मग त्यांना वाटले, एका शब्दाला दहा हजार चिठ्ठ्या लागतात, तर सगळ्या शब्दांची सूची करावयाची झाल्यास आयुष्य पुरणार नाही. १९४९ साली ते न्यूयॉर्कला जाऊन आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि हिशेबासाठी केलेली ती यंत्रे अक्षरांसाठी वापरू द्यावीत, अशी विनंती त्यांनी केली. विनंती मान्य झाली. तरीही छापील सूचीचे छप्पन खंड पुरे व्हायला १९८० साल उजाडले. त्यात एक कोटीहून अधिक शब्दांची नोंद आहे.

या हकिकतीतील एक तपशील मला विशेष वाटला. ती यंत्रे भोके पाडलेली जाड कागदी पत्रके वाचत, आणि ही भोके पाडण्याचे काम गालाराते या गावात तरुण मुली करीत. त्यांना या कामाचे शिक्षण देण्यात आले होते. ग्रंथांतील एकेक शब्द त्यांच्या बोटांखालून गेला आहे. सूचीवर नाव मात्र बुसा यांचे. बुसा थोरच होते, यात शंका नाही. पण यंत्राने काम केले असे आपण म्हणतो तेव्हा कोणीतरी अक्षर अन् अक्षर आत घातलेले असते, हे मी तेव्हापासून विसरत नाही.

पुढे ग्रीक आणि लॅटिनसाठी अमेरिकेत १९८७ मध्ये ग्रेगरी क्रेन यांनी 'पर्सियस' या नावाने काम सुरू केले. त्यात होमरच्या काव्यातील कोणत्याही शब्दावर बोट ठेवले की तो मूळ कोणत्या शब्दाचे रूप आहे, विभक्ती कोणती, वचन कोणते, हे दिसते आणि तेथूनच कोश उघडतो. ग्रीक मला येत नाही. परंतु एकदा उत्सुकतेने उघडून पाहिले. अक्षरसुद्धा वाचता येत नसताना मला दोन ओळींचा अर्थ 'लागला'. तो खरोखर लागला होता का, याकडे मी पुढे येणार आहे.

आता संस्कृतकडे वळू. जर्मनीतील कोलोन विद्यापीठात १९९४ पासून संस्कृतचे जुने कोश संगणकात घालण्याचे काम चालू झाले. मोनिअर-विल्यम्स यांचा १८९९ सालचा मोठा कोश त्यात प्रथम आला. आज तेथे तीसहून अधिक कोश आहेत. 'शब्दकल्पद्रुम' आणि 'वाचस्पत्यम्' हेही आहेत. आपल्या आपट्यांचा कोश तेथेही आहे आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही आहे. आपटे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. लहानपणीच पोरके झालेल्या या माणसाचा जन्म १८५८ चा. १८९० मध्ये बत्तिसाव्या वर्षी त्यांनी हा कोश प्रसिद्ध केला आणि १८९२ मध्ये ते गेले. दिव्याच्या उजेडात बसून एका माणसाने केलेले ते काम आज एस. टी. च्या खिडकीशी बसून मी उघडते. आमच्या गावाच्या अलीकडे घाटात रेंज जाते. तर कोश मोबाइलमध्ये उतरवून ठेवण्याचीही सोय आहे. पहिल्या वेळी मी उतरवून ठेवला तेव्हा घरातल्या एका कोपऱ्यात कपाट आल्यासारखे वाटले.

अर्थात साधन हाती आले म्हणजे ते वापरता आले असे नाही. अनेक संकेतस्थळांवर शब्द रोमन अक्षरांत टंकावा लागतो, आणि तेथे लहान लिपी व मोठी लिपी यांत अर्थाचा फरक असतो. एका प्रचलित पद्धतीत लहान 'ए' म्हणजे अकार आणि मोठा 'ए' म्हणजे आकार. मला हे कोणी सांगितले नव्हते. मी 'काल' शोधीत होते. सारी अक्षरे लहान टंकली आणि उत्तर आले 'कल'चे, म्हणजे अस्पष्ट, मधुर असा ध्वनी. मी वहीत लिहिले, 'मधुर ध्वनी सर्वांना खाऊन टाकतो.' वाक्य मला जरा विचित्र वाटले, पण संस्कृत कवी काहीही म्हणू शकतात असा माझा त्या वेळी समज होता!

संस्कृतची खरी अडचण संधीची. ग्रीक किंवा लॅटिन वाक्यात छापताना शब्द सुटे असतात. संस्कृतमध्ये ते एकमेकांत मिसळतात आणि मिसळताना स्वतःची कडही बदलतात. म्हणून शब्दावर बोट ठेवण्याआधी शब्द कोठे संपतो हेच ठरवावे लागते. फ्रान्समधील नामवंत संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांच्या संकेतस्थळावर संस्कृत वाक्य लिहिले की यंत्र त्याचे जितके म्हणून तुकडे पडू शकतात तितके सारे मांडते; नाम, क्रियापद, अव्यय यांना वेगवेगळे रंग देते आणि प्रत्येक तुकड्यापाशी स्वीकाराची व नकाराची खूण ठेवते. निवड वाचणाऱ्याने करावयाची. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली 'संसाधनी' याच वाटेवरची आहे. तिच्यात कारकविचारही होतो, म्हणजे कर्ता कोण, कर्म कोणते, हेही दाखवले जाते.

एक साधे उदाहरण घेऊ. 'श्वेतो गच्छति' असे वाक्य समजा. अर्थ उघड आहे: पांढरा जातो. पांढरा म्हणजे घोडा असेल, बैल असेल. परंतु 'श्वा' म्हणजे कुत्रा आणि 'इतः' म्हणजे येथून. 'श्वा' आणि 'इतः' यांचा संधी केला तरी 'श्वेतः' हेच रूप होते. तेव्हा 'कुत्रा येथून जातो' हाही अर्थ तितकाच शुद्ध. असली द्व्यर्थी वाक्ये जुन्या वैयाकरणांनाही ठाऊक होती. यंत्र दोन्ही अर्थ समोर ठेवते, कारण व्याकरणाच्या नियमांत दोन्ही बसतात. आधीच्या वाक्यात घोड्याची गोष्ट चालली आहे की दारात बसलेल्या कुत्र्याची, हे जो वाचत आला आहे त्यालाच कळणार. हे तर दोन शब्दांचे वाक्य. एखाद्या लांब समासाचे काही वेळा शेकडो तुकडे पडतात. पहिल्यांदा ते रंगीबेरंगी जाळे पाहून मी मोबाइल बंद केला. पुढे बाईंनी सांगितले, "इतके पर्याय असतात हे कळणं हाच त्यातला धडा आहे. टीकाकार 'पदच्छेद' आधी का देतात ते आता समजलं का?" समजले. मल्लिनाथासारखे टीकाकार शब्द सोडवून दाखवतात ते विद्वत्ता मिरवण्यासाठी, असे मला तोवर वाटत होते.

आता माझी फजिती सांगते. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी बाईंनी आम्हांला एक उतारा घरी भाषांतराला दिला. त्यात एक बटू दारात येऊन भिक्षा मागतो आणि त्याच्या बोलण्याचा पहिला शब्द 'भवति' असा होता. मी शब्दावर बोट ठेवले. यंत्राने अनेक उत्तरे दिली. पहिले होते 'भू' धातूचे वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचन, म्हणजे होतो, होते, होते. मी खाली सरकण्याचे कष्ट घेतले नाहीत. 'भिक्षा होते, दे' असे काहीतरी लिहून वही दिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात काही मुले हसली. हसणारे वाईट नव्हते. त्यांच्यापैकी काहींची मुंज झालेली होती, काहींनी भावाच्या मुंजीत हे शब्द ऐकले होते. त्यांना कोश उघडावाच लागला नव्हता. आमच्याकडे मुंज होत नाही. मी तो शब्द कधी कानांनी ऐकला नव्हता. मला गल्लीतले ते गृहस्थ आठवले, आणि खरे सांगते, त्या तासापुरते मला ते बरोबर वाटले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'भवति' लिहिले आणि हसणाऱ्यांपैकीच एकाला विचारले, "हे रूप कशाचं?" त्याला अर्थ येत होता, रूप सांगता येईना. मग बाईंनी सोडवून दाखवले. 'भवत्' म्हणजे आदरार्थी 'आपण'. त्याचे स्त्रीलिंगी 'भवती', 'नदी'सारखे चालते. 'नदी'चे संबोधन 'नदि', तसे 'भवती'चे 'भवति'. म्हणजे 'अहो बाई' अशी ती हाक आहे. 'भू'चे वर्तमानकाळाचे रूप 'भवति' हे वेगळे. 'होत असलेला' या अर्थाच्या 'भवत्'ची सप्तमी 'भवति' हीसुद्धा वेगळी. "यंत्रानं तुला हे सगळं सांगितलं होतं ना?" बाईंनी मला विचारले. मी मोबाइल काढून पाहिला. खाली, चौथ्या जागी, संबोधन होते.

तो तास मी विसरणार नाही. ज्यांना कानांनी माहीत होते त्यांनाही रूप माहीत नव्हते, आणि माझ्यासमोर रूप असूनही मी ते निवडले नव्हते. निवडीसाठी 'नदी' चालवता येणे पुरेसे होते. 'नदी' मी पहिल्या वर्षाला पाठ केली होती, परीक्षेपुरती. त्या रात्रीपासून मी स्वतःला एक नियम घातला आहे: आधी वहीत माझे उत्तर लिहावयाचे, चुकीचे असले तरी, मगच शब्दावर बोट ठेवावयाचे. यामुळे वेळ दुप्पट लागतो. पण आता यंत्राच्या चार उत्तरांपैकी तिसरे का बरोबर, ते मला बहुधा सांगता येते. त्या ग्रीक ओळींबद्दल मी मघाशी विचारले होते; त्यांचा अर्थ मला लागला नव्हता, फक्त दिसला होता.

याहून अवघड एक जागा आहे आणि तेथे कोणतेही साधन मदत करीत नाही. बोट ठेवले तर यंत्र सांगते. परंतु जो शब्द आपल्याला येतो असे वाटते त्यावर आपण बोट ठेवतच नाही. आपण मराठी माणसे येथे फार फसतो. 'राग' हा शब्द कोण कोशात पाहील? मराठीत राग म्हणजे संताप. संस्कृतमध्ये तो रंग आहे, लाली आहे, आसक्ती आणि प्रेमही आहे. नायिकेच्या मनात नायकाविषयी राग उत्पन्न झाला हे वाचून मी दोन परिच्छेद भांडणाची वाट पाहत होते. 'शिक्षा' म्हणजे शिकवणे, 'चेष्टा' म्हणजे हालचाल किंवा प्रयत्न. फ्रेंच किंवा जपानी विद्यार्थी हे शब्द निमूटपणे पाहतो आणि बरोबर अर्थ लावतो. आपल्या ओळखीचा चेहरा दिसला की आपण मात्र विचारपूस करीत नाही.

दुसरी अडचण इंग्रजीची, आणि तिच्याविषयी आपल्या प्राध्यापकांत फारसे बोलले जात नाही असे मला नम्रपणे वाटते. हे बहुतेक कोश संस्कृतमधून इंग्रजीत नेतात. आमच्यासारखे मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी तेथून पुन्हा इंग्रजी-मराठी कोशाकडे जातात. दोन उड्यांमध्ये पाय घसरतो. 'विधा' या शब्दापुढे इंग्रजी अर्थांत 'काइंड' असे होते. काइंड म्हणजे दयाळू हे मला सातवीपासून पाठ. 'प्रकार' हा त्याचा दुसरा अर्थ मला आठवला नाही, आणि 'विधा'ला मी दयाळू करून टाकले. घरापासून चार पावलांवर असलेल्या भाषेला भेटायला मी लंडनवरून जात होते, असे माझी मैत्रीण म्हणते ते खोटे नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वेळी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांनाही तो मिळाला. आपल्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले. त्यानंतर मी 'लीळाचरित्र' वाचावयास घेतले. जुन्या मराठीचा कोश शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांनी केला आहे, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आता शिकागोच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. काम अतिशय साक्षेपी आहे. पण त्यातही अर्थ इंग्रजीत. मराठी वाचण्यासाठीही इंग्रजीतून जावे लागले तेव्हा मला थोडे हसू आले, थोडे वाईट वाटले. दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' मात्र त्याच ठिकाणी मराठीतून मराठीत उघडतो. आपल्यापैकी ज्यांना जुने मराठी वाङ्मय नेमलेले आहे त्यांनी तो अवश्य पाहावा.

ग्रंथांच्या संहितांबद्दल थोडेसे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली आणि १९६६ मध्ये एकोणीस भागांत ते पुरे केले. ती संहिता जपानमधील मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात घातली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. आता महाभारतात एखादा शब्द कोठे कोठे येतो हे क्षणात कळते. मात्र मी ज्या संहितेत शोधते तीत फक्त वरचा पाठ आहे. छापील पानाचा खालचा भाग पाठभेदांनी भरलेला असतो, तो तीत नाही. ते पान मी ग्रंथालयात प्रथम पाहिले तेव्हा मला कळले की आपण ज्याला 'महाभारतातला श्लोक' म्हणतो तो किती हस्तलिखितांतून निवडून घेतलेला असतो.

अलीकडे प्रश्न विचारला की परिच्छेदच्या परिच्छेद लिहून देणारी साधने निघाली आहेत. आमच्या वर्गातील बहुतेक जण तीच वापरतात. मीही वापरून पाहिली. एका दुर्मिळ शब्दाचा महाभारतातील प्रयोग विचारला असता पर्व, अध्याय, श्लोकांक यांसह उत्तर आले. मी ते स्थळ संहितेत काढून पाहिले. तेथे तो शब्द नव्हता, जवळपासही नव्हता. जुनी साधने पर्याय दाखवून गप्प बसतात आणि निवड आपल्यावर सोडतात. हे नवे साधन स्वतःच निवडते, आणि इतक्या नम्र भाषेत की तपासण्याची लाज वाटावी. व्याकरण समजून घ्यायला, एखादे रूप पुन्हा पुन्हा विचारायला ते बरे आहे. रात्री अकरा वाजता बाईंना फोन करता येत नाही. पण त्याने दिलेले स्थळ मी पाहिल्याशिवाय वहीत लिहीत नाही.

गेल्या डिसेंबरात विभागाची सहल पुण्याला गेली होती. डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला महाकोश चालू आहे. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये त्याचा आरंभ केला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून विद्वानांनी शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या. त्या कोटीच्या घरात आहेत. पहिला भाग छापून निघाला १९७६ साली, आणि पस्तीस खंड झाले तरी काम 'अ' या पहिल्याच वर्णात होते. त्या चिठ्ठ्या ठेवलेल्या खोलीत आम्ही उभ्या होतो. एक खण उघडून दाखवला गेला. शाईने लिहिलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर शब्द, वाक्य, ग्रंथाचे स्थळ. अक्षर वळणदार होते. लिहिणाऱ्याचे नाव कोठे नव्हते. मला गालारातेच्या मुली आठवल्या. माझ्या शेजारी उभी असलेली मैत्रीण हळूच म्हणाली, "हे सगळं कुणीतरी बसून केलंय गं."

परत आल्यावर आम्ही ग्रंथालयातील त्या काचेच्या कपाटात पुन्हा डोकावलो. अगदी खालच्या फळीवर ज. वि. ओक यांचा 'गीर्वाणलघुकोश' होता. बांधणी सुटलेली, पहिले पान गेलेले. हा संस्कृतमधून मराठीत नेणारा कोश. दीड वर्ष मी त्याच कपाटासमोर उभी राहत होते आणि मला तो दिसला नव्हता, कारण माझी नजर वरच्या फळीवर असे. त्यात 'राग' उघडला. अर्थ मराठीत, एका ओळीत. लंडनला न जाता.

आम्ही तिघींनी तो संगणकात घालावयास घेतला आहे. दर शनिवारी दुपारी ग्रंथालयात बसतो. एक जण वाचते, दुसरी टंकते, तिसरी मागाहून अक्षर अन् अक्षर ताडून पाहते. छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारे साधन प्रथम वापरून पाहिले; पण जुन्या खिळ्यांची छपाई पुसट आहे आणि ते 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' करते. ते सुधारण्यापेक्षा हाताने टंकणे सोपे जाते. शब्द, लिंग, अर्थ असे तीन रकाने केले आहेत. बाईंनी पहिली दहा पाने तपासली आणि सदतीस चुका काढल्या. त्यांपैकी बावीस माझ्या. ग्रंथपाल आता आम्हांला पाहिल्याबरोबर किल्ली काढून देतात, नोंदवहीत सही मात्र अजून घेतात. परवाच्या शनिवारी आम्ही 'अतुल'पाशी थांबलो.